मागून दिसणारा माणूस

दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. दुकानाच्या पुढच्या भागात बायको झेरॉक्सचं मशीन सांभाळते आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. मागच्या भागात निळा पडदा, दोन लाइट, एक स्टूल आणि मी. लग्नाची कामं वर्षातून ठरावीक महिनेच असतात. बाकी वर्षभर पासपोर्ट साइजचे फोटो. म्हणजे दिवसभर माणसांची डोकी बघणं हाच माझा धंदा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुकानात सीसीटीव्ही बसवला. बसवणारा माणूस कॅमेरा काउंटरच्या वर, छताच्या कोपऱ्यात लावून गेला. मी उभ्याउभ्या फोटो पाकिटात भरत होतो. सहज बाजूच्या स्क्रीनकडे मान वळवली, तर आमच्या काउंटरच्या आत कुणीतरी परका माणूस उभा. पाठमोरा. डोक्याच्या मागच्या भागात, भोवऱ्यापाशी, चहाच्या बशीएवढी जागा उघडी पडलेली. पंचेचाळीशीचा असावा असं वाटलं. बायकोला विचारणार होतो, हा आत कसा शिरला म्हणून. तेवढ्यात मी डोकं खाजवलं आणि त्यानंही खाजवलं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

बायको झेरॉक्सचे कागद जुळवत होती. मी तिला बोलावलं, स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे कधीपासून आहे?"

"दोन वर्षं तरी झाले असतीन," ती म्हणाली, कागदांवरची नजर न काढता.

"मग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कुठं? मले वाटलं, तुमाले माहीत हाय."

मला माहीत नव्हतं. आरशात मी रोज पुढूनच बघत होतो. भांग थोडा रुंद झालाय, कपाळाचे दोन कोपरे मागे गेलेत, एवढं कळत होतं. पण त्याला मी 'कपाळ मोठं आहे' असं म्हणत होतो. दुसऱ्यांची डोकी बघून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्याची अर्धी बाजू माहीत नसावी, याचं मला वाईट वाटायच्या आधी नवलच वाटलं. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी, अंघोळीनंतर, टॉवेलला चिकटलेले केस मी मोजायला लागलो तेव्हा.

त्याच आठवड्यात सलूनमध्ये गेलो. माझा सलूनवाला माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, कॉलेजपासून मी त्याच्याकडेच जातो. कटिंग झाल्यावर हा माणूस पूर्वी हातात एक गोल आरसा घेऊन मागची बाजू दाखवायचा आणि विचारायचा, "बराबर झालं ना?" खुर्चीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत त्यानं तो आरसा उचललेला नाही.

"तो मागचा आरसा कुठाय?" मी विचारलं.

त्यानं कात्री थांबवली. "तुमाले कळलं काय भाऊ?"

"कळलं."

"मीच ठेवून देल्ला. तुमी समोर पाहून खूश होऊन जाता. मनलं, कायले माणसाचा दिवस खराब करा."

मला हसू आलं, आणि थोडं गलबलूनही आलं. या माणसानं कुणालाही न सांगता दोन वर्षं माझी काळजी घेतली होती. मी त्याला विचारलं, एवढी वर्षं डोकी बघतोयस, केस का जातात तुला काय वाटतं? त्यानं आधी नेहमीची यादी सांगितली: बोअरचं पाणी, हेल्मेट, टेन्शन. मग स्वतःच थांबला.

"पण एक गोष्ट सांगू? ज्याचे जातात त्याचे वरचेच जातात. कानावरचे अन् मानेवरचे तसेच राह्यतात. पाणी तर सगळ्याच डोक्यावर पडते. हेल्मेट बी सगळीकडंच बसते. मग बाजूचे काहून नाई जात? मले नाई सांगता येत."

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. पुढचं सगळं मी त्या एका प्रश्नापायी केलं असं म्हटलं तरी चालेल.

दुकानात एक जुनी हार्ड डिस्क आहे. बारा वर्षांत काढलेले फोटो तिच्यात पडून आहेत, कारण लोक येऊन सांगतात, "मागच्या वर्षीचाच काढून द्या." एका रिकाम्या दुपारी मी ती उघडली. दर दोन-तीन वर्षांनी ज्यांचा नवा फोटो काढला अशी माणसं शोधली आणि त्यांचे फोटो ओळीनं लावले. दुसऱ्यांचे फोटो असे बघणं बरं नव्हे, हे मनात आलं. कुणाला दाखवणार नाही, असं स्वतःला बजावून मी बघत राहिलो. एका बँकेतल्या माणसाचे कपाळाचे कोपरे आधी आत गेले होते, मग मधला पुंजका बेटासारखा उरला, मग तोही विरळ झाला. एका मास्तरांचं कपाळ जिथल्या तिथं होतं, पण मान जरा खाली घातलेल्या फोटोत माथा चमकत होता. एकाचे केस पाच वर्षांत गेले होते, दुसऱ्याचे बारा वर्षांत जेमतेम बोटभर मागे सरकले होते. पण सलूनवाल्याचं म्हणणं सगळीकडे खरं ठरत होतं. कानाच्या वरची पट्टी कुणाचीच हलली नव्हती.

पाहण्याच्या नादात उपायही चालू होतेच. पंधरा दिवस मी कांद्याचा रस चोळला. त्या दिवसांत फोटोला बसलेली माणसं नाक आक्रसून बसायची आणि मी त्यांना "चेहरा मोकळा सोडा" म्हणायचो. कपाळावर लाल पुरळ उठल्यावर बायकोनं कांदे लपवून ठेवले. त्यानंतर आठवडी बाजारातून आणलेलं काळपट तेल. त्यानं उशीची खोळ काळी झाली, दुसरं काही झालं नाही.

एका रविवारी तांड्यावर गेलो. माझे आईवडील दिग्रसहून सात-आठ किलोमीटरवर आमच्या तांड्यात राहतात, शेती बघतात. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. ते बोलणं इथं बाजारातल्या वऱ्हाडीत लिहितोय. याडी, म्हणजे माझी आई, माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "तेल लावत जाय." वडील खाटेवर बसले होते. पासष्टीतही त्यांच्या डोक्यावर दाट पांढरे केस आहेत. त्यांनी त्यांच्यातून हात फिरवला आणि निकाल दिला, "मामावर गेला थो."

माझा मामा पुसदकडे असतो आणि त्याचं टक्कल सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. 'हा मामावर जाईन' हे मी लहानपणापासून ऐकत होतो. पण त्या दिवशी याडी चिडली.

"पोराचं नाक चांगलं, ते तुमच्या घरचं. गणित चांगलं, तेबी तुमच्या घरचं. अन् केस गेले त माह्या भावाचे?"

वडील हसले. मला मात्र धंद्याची सवय. मी विचारलं, "आजोबांचे केस कसे होते?"

आजोबांचा एकच फोटो घरात आहे, दारावर लावलेला. त्यात त्यांच्या डोक्याला मोठी पागडी आहे. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मलाही ते आठवतात ते पागडीतच. वडिलांनी मान वर करून त्या फोटोकडे बघितलं. याडी त्यांच्याकडे बघत राहिली.

"सांगा ना," ती म्हणाली. "मी सून व्हती, म्या त कधी पागडीबिगर पाह्यलं नाई. तुमी पाह्यलं असन."

वडिलांनी गळ्यातला दुपट्टा काढून मांडीवर घडी घातली. "अंघोळीच्या वक्ती पाह्यलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "गुळगुळीत व्हतं. बाजूनं थोडेसे, बस."

याडी इतकी हसली, की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली. "एवढे वर्षं माह्या भावाचं नाव खराब केलं," ती तिला सांगत होती. वडीलही शेवटी हसले. पण मी त्या फोटोकडे बघत होतो. आजोबांना त्या पागडीखाली कधी लाज वाटली असेल का, की पागडी सगळेच बांधत म्हणून ती गोष्ट त्यांच्या मनातही आली नसेल? विचारायला आता कुणी नव्हतं.

डॉक्टरकडे जायचं बायकोनं ठरवलं. यवतमाळला त्वचारोगाच्या एक डॉक्टर आहेत, तिच्या बहिणीला त्यांचा गुण आला होता. सकाळच्या एसटीनं दारव्ह्यावरून आम्ही दोघं गेलो. डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला निवांत. आधी त्यांनी खूप प्रश्न विचारले. मोठा ताप येऊन गेला का, वजन उतरलं का, कसल्या गोळ्या चालू आहेत, केस एकदम गेले की हळूहळू. मग केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली आणि हातात किती आले ते बघितलं. मग पेनाएवढं एक भिंग माझ्या माथ्यावर टेकवलं. त्याला दिवा होता, आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर.

मी खुर्चीतून पुढे सरकलो. एवढ्या जवळून मी कधी कुणाचं डोकं बघितलं नव्हतं. एका केसाशेजारी दुसरा केस, पण एक सुतळीसारखा आणि दुसरा कोळिष्टकाच्या धाग्यासारखा. कानावर भिंग नेलं, तर तिथं सगळे एकसारखे जाड.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "केस काही वर्षं वाढतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. हे सगळ्यांचं चालू असतं. तुमच्या माथ्यावरची मुळं मात्र दर खेपेला थोडी लहान होतायत. म्हणून नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड. शेवटी नुसती लव राहते."

म्हणजे टॉवेलवरचे केस मोजण्यात मी उगाच दिवस घालवले होते. बघायला हवं होतं ते डोक्यावर उरलेल्यांकडे.

"पण मॅडम, बाजूचे का जात नाहीत?" मी विचारलं. एवढे महिने जपून ठेवलेला प्रश्न होता.

त्यांना तो आवडला असावा. "पुरुषांच्या शरीरात एक हार्मोन तयार होतो, त्यानं ही मुळं आक्रसतात. तो रक्तातून सगळीकडे जातो, बाजूच्या केसांकडेही. पण बाजूची मुळं त्याला दाद देत नाहीत. हार्मोन तोच, मुळं वेगळी. म्हणून तर केस रोपतात तेव्हा मागचे काढून पुढे लावतात. ते पुढे जाऊनही आपला स्वभाव सोडत नाहीत."

मी बायकोकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. कारण लग्नाच्या बायोडाटाचे फोटो घेऊन येणारी मुलं मला म्हणतात, "भाऊ, वरचे जरा भरून द्या," आणि मी कॉम्प्युटरवर त्यांच्या कानावरचे केस उचलून कपाळावर बसवतो. कितीतरी वर्षं हेच करत आलो होतो.

"आणि हे आईकडून येतं ना?" बायकोनं विचारलं.

"दोन्हीकडून येतं. एकट्या मामाला दोष देऊ नका."

उपाय सांगताना त्यांनी गोड बोलून काही विकलं नाही. मिनॉक्सिडिल नावाचं औषध सकाळ-संध्याकाळ माथ्यावर लावायचं. फरक दिसायला चार ते सहा महिने. सुरुवातीला उलट जास्त गळतील, तेव्हा घाबरून सोडायचं नाही. लावणं थांबवलं, की मिळालेलं काही महिन्यांत परत जाईल. माथ्यावर बरा फरक पडतो, कपाळाच्या कोपऱ्यांचं सांगता येत नाही. दुसरी फिनास्टराइडची गोळी. ती अनेकांना चांगली लागू पडते, पण थोड्या पुरुषांना तिच्यानं शरीरसंबंधात अडचण येते, काहींचं मन उदास होतं. "हे मी दोघांसमोर सांगते," त्या म्हणाल्या, "कारण ठरवायचं दोघांनी. आणि अजिबात काही न करणं हाही पर्याय आहे. हा आजार नाही."

परतीच्या एसटीत आम्ही ते बोललो, सीटवर शेजारी बसून, हळू आवाजात. पदरात एक मूल होतं, आम्हाला दुसरंही हवं होतं. गोळी आत्ता नको, असं ठरलं. लावायचं औषध चालू करायचं. बायको म्हणाली, "माह्यासाठी लावत असान त नका लावू. मले काई फरक नाई पडत." मी खरं काय ते सांगितलं: मला बघायचं होतं काय होतं ते.

डॉक्टरांनी दर महिन्याला फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. ते काम मला शिकवायची गरज नव्हती. स्टुलाच्या पायांना जमिनीवर चिकटपट्टीनं खुणा केल्या, लाइटची जागा ठरवली, केस कोरडे, भांग एकाच बाजूला. कॅमेरा स्टँडवर. बटण बायको दाबायची. पहिल्या दिवशी तिनं चार फोटो काढले: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान खाली घालून माथ्याचा. एरवी लोकांना "हनुवटी खाली, थोडी अजून खाली" मी म्हणतो, आता तेच ती मला म्हणत होती. मान खाली घालून बसलं की माणूस किती उघडा पडतो, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाशी जरा बोलत बोलत फोटो काढतो.

सहाव्या आठवड्यात केस खरंच जास्त गळायला लागले. मोरीच्या जाळीवर पुंजकाच दिसायचा. सांगितलेलं असूनही मी दवाखान्यात फोन केला, डॉक्टर म्हणाल्या, चालू ठेवा. दुसऱ्या महिन्याचा फोटो पहिल्यापेक्षा वाईट होता. तिसऱ्याचा तेवढाच. चौथ्या महिन्यात बायकोनं स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि म्हणाली, "इथं काई तरी आलं." बारीक, आखूड केस होते, नांगरल्या वावरात उगवलेल्या गवतासारखे तुरळक. बाराव्या महिन्यात सगळे फोटो ओळीनं लावले. माथ्यावरची बशी आता वाटीच्या तळाएवढी झाली होती आणि तिच्यातून कातडी कमी दिसत होती. कपाळाचे कोपरे होते तिथंच होते. मी आनंदानं ओरडलो वगैरे नाही. पण किती वेळ ते फोटो पुढे-मागे करत बसलो होतो. आता केस बारीक कापतो. औषध चालू आहे. एखाद्या दिवशी कंटाळा येतो, तेव्हा बायको बाटली समोर आणून ठेवते.

गेल्या पावसाळ्यानंतर एक तरुण माणूस दुकानात आला. भरतीच्या फॉर्मला फोटो हवा होता. डोक्यात टोपी. मी टोपी काढायला सांगितली, तर तो म्हणाला, "टोपी ठेवून नाई जमत काय?" फॉर्मवर चालत नाही, म्हटलं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, बायको पुढच्या भागात होती. मग टोपी काढली. उजव्या कानाच्या वर, जिथले केस कधी जात नाहीत असं मी समजत होतो नेमक्या तिथं, एक गोल चट्टा. गुळगुळीत, कडा आखल्यासारख्या. भोवती सगळे दाट काळे केस. चट्ट्यावर भाजल्यासारखी खूण होती.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"चाई म्हनतात. एकानं लसूण चोळाले सांगतला, त भाजलं. आता सगळंच जाईन म्हनतात लोक. लग्नबी ठरून राह्यलं माह्यं."

मला त्याच्या भीतीपेक्षा आधी तो चट्टा दिसत होता, हे कबूल करतो. माझ्या बारा वर्षांच्या फोटोंतून काढलेला नियम त्यानं मोडला होता. मग मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो. डॉक्टर नाही मी, म्हटलं, पण हे माझ्यासारखं टक्कल दिसत नाही. माझं हळूहळू आलं, तुझं एका जागी आलं. वेगळं असेल तर इलाजही वेगळा असेल. लसूण बंद कर आणि यवतमाळला जाऊन ये. त्याला मी माझे बारा महिन्यांचे फोटोही दाखवले. का दाखवले सांगता येत नाही. त्यानं एकेक बघितला आणि म्हणाला, "तुमी सोताचे काढले?"

"बायकोनं काढले."

त्याचा फोटो मी काढला. चट्टा भरून देऊ का, असं मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. चेहरा किंचित वळवून, दोन्ही कान दिसतील असा बसवला. चट्टा दिसत होता, पण नजर आधी त्याच्यावर जात नव्हती. आधी डोळ्यांवर जात होती.

चार महिन्यांनी तो परत आला, दुसऱ्या फॉर्मसाठी. टोपी नव्हती. आल्या आल्या त्यानं डोकं माझ्यासमोर वाकवलं. चट्ट्यात केस आले होते, पण पांढरे, लहान बाळाच्या जावळासारखे मऊ. डॉक्टरांनी तिथंच बारीक सुयांनी इंजेक्शनं दिली होती. शरीर चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं म्हणून असं होतं, काहींना पुन्हाही होतं, हे त्याला सांगितलं होतं. मुलीच्या घरी त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं. मुलगी म्हणाली होती, दाखवा.

"अन् मंग?" पुढच्या भागातून बायकोनं विचारलं. ती ऐकत होती.

"पाह्यलं तिनं. म्हने, एवढंच काय?"

त्यानं मग मला विचारलं, "पण भाऊ, पांढरे काहून आले असतीन?"

मी क्लोजअपची लेन्स लावली, लाइट बाजूनं घेतला आणि त्याच्या कानावरचा एक फोटो काढला. स्क्रीनवर मोठा केला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. बहुतेक केस पांढरेच होते, पण एक-दोन केसांच्या बुडाशी करडी रेघ दिसत होती.

"खालून रंग येऊन राह्यला," बायको म्हणाली.

"आधी केस येते, मंग रंग येते, असं असन," तो म्हणाला, आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. मी त्याला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली.